जुन्या संगणकाला एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसत नसेल तर

आमच्या डीटीपीच्या (छपाईसाठी संगणकावर पाने जुळवण्याच्या) खोलीत २००४ साली घेतलेला एक संगणक अजून चालू आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर ७ आहे आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेले दहा-बारा वर्षांचे काम आहे. त्यातली एखादी फाइल नव्या संगणकावर नुसती उघडली, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. म्हणून हा संगणक मोडीत काढायचे दर दिवाळीच्या साफसफाईत ठरते आणि दर वेळी राहून जाते. छापखाने, वकिलांची कार्यालये, पतसंस्था, शाळा अशा ठिकाणी कोपऱ्यात असा एखादा संगणक बहुधा सापडतोच. त्यातले काम बाहेर काढून ठेवावे म्हणून एक-दोन टीबीची हार्ड डिस्क विकत आणली जाते, संगणकाला जोडली जाते आणि काहीच घडत नाही. किंवा काही घडल्यासारखे वाटते आणि तिथेच थांबते.

अशा वेळी बहुतेक जण एकतर डिस्क खराब निघाली असे म्हणून दुकानात परत नेतात, किंवा पडद्यावर जो प्रश्न येईल त्याला 'येस' म्हणत सुटतात. पहिल्याने निदान नुकसान तरी होत नाही. दुसऱ्याने होते. म्हणून पुढचे काहीही करण्याआधी एक पथ्य पाळावे: डिस्कवर आधीपासून काही साठवलेले असेल, तर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइझ' असा शब्द असलेल्या कोणत्याही चौकटीत 'कॅन्सल'च दाबावे. जुन्या विंडोजला जे वाचता येत नाही ते तिला कोरे वाटते, आणि कोरे वाटले की ती ते फॉरमॅट करू पाहते.

आधी तुटले कुठे ते ठरवावे

डिस्क जोडल्यापासून ती 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसेपर्यंत पाच गोष्टी एकापाठोपाठ घडाव्या लागतात. डिस्कला पुरेशी वीज मिळून तिच्या आतली तबकडी फिरली पाहिजे. संगणकाच्या यूएसबी कंट्रोलरला (यूएसबीचे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपला) तिथे काही जोडले गेल्याचे कळले पाहिजे. विंडोजने ते साठवणुकीचे उपकरण आहे हे ओळखले पाहिजे. डिस्कवरचे पार्टिशन (जागेचा विभाग) आणि त्याची फाइल सिस्टिम (फाइली नोंदवून ठेवण्याची पद्धत) तिला वाचता आली पाहिजे. आणि शेवटी त्या पार्टिशनला ई, एफ असे एक मोकळे अक्षर मिळाले पाहिजे. यांपैकी कोणतीही एक गोष्ट अडली तरी बाहेरून परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे डिस्क दिसत नाही. तेव्हा नेमके कुठे अडले आहे हे कळल्याशिवाय उपाय सुरू केल्यास चांगल्या केबलीला आणि निर्दोष ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) उगाच दोष लागतो.

त्यासाठी पहिली कसोटी अगदी साधी आहे. तीच डिस्क, तीच केबल घेऊन एखाद्या अलीकडच्या संगणकाला जोडावी. तिथे ती लगेच उघडली तर डिस्क आणि केबल दोन्ही बहुतांशी ठीक आहेत आणि दोष जुन्या संगणकाकडे आहे. तिथेही उघडली नाही, तर जुन्या संगणकाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ही कसोटी पाच मिनिटांची आहे, तरीही ती सगळ्यात शेवटी करण्याची सवय मी अनेक जाणत्या लोकांतही पाहिली आहे.

वीज

माझ्या अनुभवात दहांपैकी सहा-सात वेळा दोष विजेचा असतो. यूएसबी २.० च्या पोर्टने ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट एवढीच वीज द्यावी असे ठरलेले आहे. यूएसबी ३.० च्या पोर्टसाठी हाच आकडा ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट आहे. आज मिळणाऱ्या खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्क या दुसऱ्या आकड्याचा हिशेब धरून बनवलेल्या असतात. तबकडी एकदा फिरू लागली की तिला फार वीज लागत नाही. पण थांबलेली तबकडी फिरती करण्याच्या पहिल्या काही सेकंदांत ती एक अँपिअरपर्यंत वीज मागू शकते. विहिरीवरची मोटर सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मंद होतात, तसाच हा प्रकार आहे. नवा पोर्ट तो धक्का सहन करतो आणि वीस वर्षांपूर्वीचा पोर्ट माघार घेतो.

हे ओळखायला उपकरण लागत नाही, कान पुरतो. खोलीतला पंखा बंद करावा, डिस्क टेबलावर सपाट ठेवावी, तिच्यावर हलकेच बोट टेकवावे आणि केबल जोडावी. निरोगी डिस्क एकदाच हलका 'घूंऽ' असा आवाज करत वेग घेते आणि मग बोटाला सतत बारीक थरथर लागते. वीज कमी पडणारी डिस्क वेग घेऊ लागते, 'टिक्' असा एक आवाज करते, थरथर थांबते, आणि दोन-तीन सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिचा बारीक दिवा पेटत-विझत राहतो आणि विंडोज जोडल्याचा व काढल्याचा असे दोन्ही सूर आलटून पालटून वाजवत राहते. हा दुसरा प्रकार आढळला तर केबल लगेच काढावी, कारण अर्धवट विजेवर डिस्क पुन्हा पुन्हा सुरू होऊ देणे तिच्या तब्येतीला बरे नव्हे.

उपायांतला पहिला उपाय फुकटचा आहे: कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा पोर्ट वापरावा. पुढचे पोर्ट मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डला) एका बारीक अंतर्गत केबलीने जोडलेले असतात, जुळणी करणाऱ्याने ती कधी अर्धवट बसवलेली असते, आणि वर्षानुवर्षे पेन ड्राइव्ह घालून-काढून त्यांची पाती सैल पडलेली असतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. टेबलाखाली वाकून धूळ झटकत मागे हात घालणे कंटाळवाणे असले, तरी निम्मी प्रकरणे तिथेच मिटतात. कीबोर्डमधला पोर्ट किंवा अडॅप्टर नसलेला साधा हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) यांना तर डिस्क जोडूच नये, कारण तिथे वाटून उरलेली थोडीच वीज मिळते.

दुसरी शंका केबलीवर घ्यावी. डिस्कबरोबर आलेली केबल बहुधा वीतभरच लांब असते आणि त्याला कारण आहे: तार जितकी लांब आणि बारीक, तितका व्होल्टेज वाटेत पडतो. ती आखूड पडते म्हणून मोबाइलची लांब केबल लावण्याचा मोह होतो. त्यांतल्या काही केबलींत फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. अशा केबलीने डिस्कचा दिवा लागेल, तबकडीही फिरेल, पण संगणकाला काहीच कळणार नाही. रुंद, दोन भागांची पिन असलेल्या यूएसबी ३.० च्या डिस्कची मूळ केबल हरवली असेल, तर त्या खाचेच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची चांगली मायक्रो यूएसबी केबल बसते आणि डिस्क यूएसबी २.० च्या वेगाने चालते. जुन्या संगणकाला तेवढा वेग पुरेसा आहे.

एवढे करून भागले नाही तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे एका टोकाला दोन पिना असलेली वाय आकाराची केबल, जी शेजारच्या दोन पोर्टमधून वीज गोळा करते. यूएसबीच्या अधिकृत नियमांत ही केबल बसत नाही, पण जुन्या संगणकांवर तिने बरेच संसार सावरले आहेत. ती जोडताना फक्त वीज देणारी पिन आधी आणि माहितीची पिन नंतर लावावी, म्हणजे तबकडी फिरू लागण्याच्या क्षणी दोन्हीकडून वीज हजर असते. दुसरी वाट म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. मला हीच जास्त पसंत आहे, कारण मग जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायवर जास्तीचा भारच येत नाही.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कची गोष्ट वेगळी आहे. त्यांना १२ व्होल्ट लागतात आणि त्यासाठी वेगळा अडॅप्टर असतो. तो हरवला म्हणून खणातला दुसरा लावण्याआधी त्याच्यावरचे आकडे वाचावेत, कारण लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन त्याच खाचेत नीट बसू शकते, आणि ती बसली की डिस्कमधले सर्किट जळायला क्षणही लागत नाही. त्याचबरोबर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग नसलेल्या जोडणीत कॅबिनेटवर गळतीचा व्होल्टेज चढतो, आणि वेगळ्या अडॅप्टरची डिस्क जोडताना तो यूएसबीच्या वाटेने निचरा शोधतो. निदान संगणक आणि डिस्कचा अडॅप्टर हे दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावावेत.

कंट्रोलर आणि बायॉस

डिस्क नीट फिरते आहे, तरीही संगणक गप्प आहे, अशी स्थिती असेल तर 'माय कॉम्प्युटर'वर उजवी क्लिक करून 'मॅनेज' उघडावे आणि त्यातले 'डिव्हाइस मॅनेजर' पाहावे. यादीच्या तळाशी 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' असते. तिथे ज्या ओळीत 'एन्हान्स्ड' हा शब्द आहे अशी निदान एक ओळ असायला हवी. ती नसेल तर यूएसबी २.० चालूच नाही; आहे ते सगळे १९९८ च्या यूएसबी १.१ वर चालले आहे. एक्सपी २००१ साली बाजारात आली तेव्हा तिच्यात यूएसबी २.० ची सोय नव्हती, ती २००२ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांच्या संचात) आली. म्हणून मूळ सीडीवरून एक्सपी टाकून तशीच सोडली असेल, तर आधी सर्व्हिस पॅक ३ बसवावा आणि मग मदरबोर्डचा ड्रायव्हर.

आमच्या संगणकात ही ओळ एके दिवशी नाहीशी झाली. डिस्क दिसत होती, पण 'याहून वेगाने चालू शकते' अशा अर्थाचा फुगा कोपऱ्यात येत होता आणि नकलेचा हिरवा पट्टा गोगलगाईसारखा सरकत होता. यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम १ एमबी. चाळीस जीबीच्या नकलेला त्या वेगाने अकरा तासांहून जास्त वेळ लागतो, यूएसबी २.० ला प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबी मिळाले तर तेच काम पाऊण तासाच्या आत होते. मी दोन दिवस ड्रायव्हर काढ-घाल केली. तिसऱ्या दिवशी लक्ष गेले ते घड्याळाकडे: पडद्यावरची तारीख २००४ सालच्या जानेवारीची होती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, प्रत्येक वेळी वीज गेली की बायॉस (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) आपल्या मूळ सेटिंगवर परत जात होते, आणि त्या मूळ सेटिंगमध्ये यूएसबी २.० बंद होते. सीआर २०३२ नावाचा तो सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

तेव्हा तारीख चुकत असेल तर आधी सेल बदलावा, मग संगणक सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ २' दाबून बायॉसमध्ये जावे आणि 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' किंवा तशाच नावाच्या पानावर यूएसबी २.० कंट्रोलर 'एनेबल्ड' आहे ना, वेगाचा पर्याय असल्यास तो 'हायस्पीड' आहे ना, हे पाहावे. याच ठिकाणी आणखी एक गोष्ट उलगडते. डिस्क जोडलेली ठेवून संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर तो अडकून बसतो, ही तक्रार नेहमीची आहे. बायॉस त्या डिस्कवरून सुरू होण्याचा प्रयत्न करत असते. बूटच्या (संगणक कशावरून सुरू व्हावा त्याच्या) क्रमात अंतर्गत हार्ड डिस्क पहिली ठेवावी, आणि विंडोज पूर्ण सुरू झाल्यावरच बाहेरची डिस्क जोडावी.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेची ओळ दिसली, तर ती निवडून 'अनइन्स्टॉल' करावी, डिस्क काढावी, संगणक बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे, मग कॅबिनेटचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, आणि पुन्हा सुरू करून डिस्क जोडावी. एकदा जास्त भार पडून स्वतःला बंद करून घेतलेला पोर्टही यामुळे कधी कधी परत जागा होतो. सगळ्याच यूएसबी ओळी एकदम काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण कीबोर्ड आणि माउस यूएसबीचे असतील तर ते त्याच क्षणी मरतात आणि पुढे क्लिक करायलाही काही उरत नाही. ते करायचेच असेल तर आधी जांभळ्या आणि हिरव्या गोल पिनांचा जुना कीबोर्ड-माउस शोधून जोडून ठेवावा.

संगणक इतका जुना असेल की त्यात यूएसबी २.० मुळातच नाही, तर पीसीआय खाचेत बसणारे यूएसबी २.० चे कार्ड घालता येते आणि सर्व्हिस पॅक असलेली एक्सपी ते बहुधा स्वतःच ओळखते. याउलट विंडोज ७ वर निळे, म्हणजे यूएसबी ३.० चे पोर्ट काम देत नसतील तर त्यात नवल नाही, यूएसबी ३.० ची सोय विंडोजमध्ये ८ व्या आवृत्तीपासून आली, त्याआधी मदरबोर्डच्या कंपनीचा ड्रायव्हर घालावा लागतो. तोवर काळा पोर्ट वापरावा.

दोष विंडोजचा की यंत्राचा हे इतके करूनही कळत नसेल, तर पपी लिनक्ससारखी हलकी प्रणाली सीडीवर घेऊन तिच्यावरून संगणक सुरू करावा. ती अंतर्गत डिस्कला हात न लावता चालते. तिच्यात बाहेरची डिस्क दिसली तर पोर्ट, केबल आणि वीज यांची सुटका झाली, आणि आरोपी विंडोज.

डिस्क मॅनेजमेंट: खरा उलगडा इथे होतो

विंडोजने उपकरण ओळखले, 'डिस्क ड्राइव्हज'मध्ये तिचे नावही आले, पण 'माय कॉम्प्युटर'मध्ये ती नाही, अशी स्थिती फार वेळा येते. त्याच 'मॅनेज'च्या खिडकीत 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कचा एक आडवा पट्टा असतो आणि त्या पट्ट्यावरचे दोन-तीन शब्द बहुतेक सगळे सांगून जातात. उघडताच एखादा विझार्ड समोर आला तर तो रद्द करावा आणि मग पट्टा वाचावा.

पट्टा निळा आहे, 'हेल्दी' लिहिले आहे, पण अक्षर नाही, किंवा अक्षर आहे आणि तरीही डिस्क दिसत नाही: हे सगळ्यात सुखाचे दुखणे. एक्सपी बाहेरच्या डिस्कला पुढचे मोकळे अक्षर देते, परंतु नेटवर्कवरच्या फोल्डरला आपण दिलेली अक्षरे ती त्या वेळी हिशेबात धरत नाही. कार्यालयात सगळ्यांच्या संगणकावर एफ किंवा जी हे अक्षर सर्व्हरला दिलेले असेल, तर नव्या डिस्कलाही तेच अक्षर मिळते आणि ती सर्व्हरच्या मागे लपते. पट्ट्यावर उजवी क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडावे आणि वर्णमालेच्या शेवटाकडचे एखादे अक्षर द्यावे. आमच्याकडे बॅकअपच्या डिस्कला कायम एक्स हे अक्षर असते, त्यामुळे आज ती कुठे गेली हा प्रश्नच पडत नाही.

पट्ट्यावर 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' असे लिहिलेले असेल, तर डिस्क पूर्ण ठीक आहे आणि एक्सपी तिला कधीच उघडू शकणार नाही. डिस्कची विभागणी नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात. तीत जागेचा पत्ता ३२ बिटांत लिहिला जातो, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरनुसार सुमारे २ टीबीच्या पलीकडचे तिला मोजताच येत नाही. मोठ्या डिस्कसाठी जीपीटी ही नवी पद्धत आली. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्वांना ती वाचता येते, एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिट आवृत्तीला येत नाही. तेव्हा एक्सपीसाठी डिस्क घ्यायची तर २ टीबीपर्यंतचीच घ्यावी, आणि ती रिकामी असतानाच नव्या संगणकावर एमबीआर पद्धतीने विभागून आणावी. आधीच जीपीटी असलेल्या डिस्कवर काही साठवले असेल तर ते दुसरीकडे हलवल्याशिवाय पद्धत बदलू नये.

काही मोठ्या डिस्कच्या डब्यातले सर्किट ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवून एमबीआरची मर्यादा आठपट वाढवते, आणि त्यामुळे ३ टीबीची डिस्कही एक्सपीवर चालते. अशी डिस्क कधी डब्याबाहेर काढून संगणकाच्या आतल्या सटा केबलीला थेट लावली, तर तिच्यावरचे पार्टिशन कोणत्याच संगणकाला उमगत नाही. माहिती गेलेली नसते. डबा नावाचा दुभाषा गेलेला असतो. काही डबे तर माहिती स्वतःच कूटबद्ध करून लिहितात. म्हणून डबा फोडण्याचा विचार शेवटचा.

पट्ट्यावर 'रॉ' दिसले किंवा फाइल सिस्टिमची जागा कोरी असली, तर दोन शक्यता आहेत. एक म्हणजे डिस्क एक्सफॅट या नव्या फाइल सिस्टिमची, मॅकची किंवा बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद केलेली आहे, आणि एक्सपीला ती भाषा येत नाही. एक्सफॅट एक्सपीला शिकवणारा अपडेट २००९ साली आला होता. तो बसवलेला नसेल तर एक्सपी सरळ फॉरमॅट करण्याची परवानगी मागते. दुसरी शक्यता म्हणजे फाइल सिस्टिम खरोखरच बिघडली आहे. दोन्हींतला फरक नवा संगणक क्षणात सांगतो: तिथे उघडली तर पहिली, नाही उघडली तर दुसरी.

एक्सपी, विंडोज ७ आणि आजची विंडोज या तिघींमध्ये फिरणाऱ्या डिस्कसाठी एनटीएफएस हीच फाइल सिस्टिम ठेवावी. फॅट ३२ सर्वत्र उघडते हे खरे, पण तीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. मोठी बॅकअप फाइल नकलताना शेकडो जीबी मोकळे असूनही 'जागा नाही' असा संदेश येतो, आणि माणूस डिस्कला नावे ठेवतो.

डिस्क उघडली पण फोल्डर दिसत नाहीत, किंवा त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात, तर तो बहुधा पेन ड्राइव्हवरून आलेला जुना व्हायरस असतो. तो फोल्डर लपवतो, पुसत नाही. त्या शॉर्टकटवर क्लिक न करता डिस्क नव्या संगणकावर तपासून घ्यावी, आणि व्हायरसची शंका असलेली डिस्क एक्सपीला जोडताना 'शिफ्ट' दाबून धरावी, म्हणजे तिच्यावरचे काही आपोआप सुरू होत नाही.

टकटक ऐकू आली तर

वीज पुरेशी आहे, नव्या संगणकावरही तीच गत आहे, आणि डिस्कमधून घड्याळाच्या ठोक्यासारखी नियमित टकटक येते आहे, तर आत वाचणारे हेड निकामी होत आहे. तिथे थांबावे. डिस्कला थापट्या मारणे, फ्रीजमध्ये ठेवणे, उघडून पाहणे यांतल्या प्रत्येक उपायाचा भक्त भेटतो. पण तबकडीवरून हेड नॅनोमीटरमध्ये मोजावे लागेल इतक्या अंतरावर तरंगत असते आणि धुळीचा साधा कणही त्याहून मोठा असतो, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. माहिती अमूल्य असेल तर डिस्क बंद ठेवून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्यावी.

टकटक नाही, पण फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागते, नक्कल मध्येच अडते, अशी डिस्क काठावर असते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने तिचे स्मार्ट आकडे (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) पाहावेत. 'रिअलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' या दोन ओळींत शून्याहून जास्त आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर आधी महत्त्वाच्या फाइली काढून घ्याव्यात. चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम) त्यानंतर चालवावे, आधी नाही. चेकडिस्क फाइल सिस्टिम सावरते, फाइली सावरत नाही, आणि मरणाऱ्या डिस्कवर तासन्‌तास चाललेली तिची झडती हाच कधी शेवटचा घाव ठरतो.

नक्कल करताना

जोडणी लागली की सगळे एकदम ओढू नये. एक्सपीची नक्कल एका नादुरुस्त फाइलपाशी थांबली की तिथेच सोडून देते आणि काय गेले, काय राहिले हे सांगत नाही. वर्षवार किंवा कामवार फोल्डर घ्यावेत, आणि प्रत्येक झाल्यावर दोन्हीकडच्या 'प्रॉपर्टीज'मधली फाइलींची संख्या ताडून पाहावी. डीटीपीच्या फाइलींबरोबर त्यांचे फाँटही न विसरता घ्यावेत. पॉवर सेटिंगमध्ये संगणक आपोआप झोपी जाण्याची वेळ 'नेव्हर' करावी, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावरची, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढून टाकावी. नाहीतर तास-दोन तासांनी डिस्क आपोआप नाहीशी होते आणि आपण पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे वळतो. घरी इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळूनच काम सुरू करावे.

डिस्क कोणत्याही उपायाने जमलीच नाही, तर फॅट ३२ केलेला आठ किंवा सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन टप्प्याटप्प्याने माल हलवावा. पेन ड्राइव्हला वीज नगण्य लागते, म्हणून जिथे डिस्क हरते तिथे तो बहुधा चालतो. एक्सपी आणि नवा संगणक यांच्यात नेटवर्कवरून फोल्डर शेअर करण्याचा प्रयत्न बहुधा फसतो, कारण त्यासाठी लागणारी जुनी एसएमबी पद्धत विंडोज १० मध्ये २०१७ च्या अखेरीपासून मुळात बंदच येते. आणि ती सुरू करून ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने इष्टही नाही.

काम संपल्यावर घड्याळाजवळच्या हिरव्या बाणाच्या चिन्हावर क्लिक करून 'सेफली रिमूव्ह' करावे. 'आत्ता बंद करता येत नाही' असा संदेश आला तर बहुधा डिस्कवरचीच एखादी फाइल पेजमेकरमध्ये उघडी असते, किंवा अँटिव्हायरस तिला चाळत असतो; तेव्हा संगणक पूर्ण बंद करावा, बोटाला लागणारी थरथर थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच केबल काढावी.